तीनदा पळालेला शिपाई

"ज्याला आपल्या सात पिढ्या सांगता येत नाहीत, तो माणूस जगात नुसता मुक्कामाला आलेला आहे!" असं निशिकांत टिपणीसांनी सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागातल्या एका कॉन्डोच्या लॉबीत, उजवा हात छताच्या दिशेने फेकून जाहीर केलं. समोर वॉल्टर लॅम्सन नावाचे उंच, पांढऱ्या भुवयांचे अमेरिकन गृहस्थ उभे होते. त्यांनी वाक्य आदराने ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरोबर आहे. आणि तुम्ही राहता कितव्या मजल्यावर?"

निशिकांतना नेमकं तेच आठवत नव्हतं. ते कचरा टाकायला म्हणून बनियनवर खाली आले होते, दाराचं कार्ड आत राहिलं होतं, आणि मुलाचा फ्लॅट चौदाव्यावर की सतराव्यावर हे त्यांना कुणी लिहून दिलेलं नव्हतं. शेवटी वॉल्टरनीच दोन्ही मजल्यांवर त्यांच्याबरोबर जाऊन बेल वाजवली. सतराव्यावर एक चिनी आजीबाई निघाल्या. चौदाव्यावर सुलेखाबाई निघाल्या, आणि वॉल्टरना म्हणाल्या, "थँक्यू हं. हे असेच आहेत."

दोघांची मैत्री झाली ती अशी.

निशिकांत जहाजावरचे चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. समुद्रावर असताना त्यांना घराची आठवण यायची आणि घरी आल्यावर पूर्वजांची. निवृत्तीनंतर चार वर्षं खपून त्यांनी टिपणीस घराण्याचा कुलवृत्तांत छापला. त्यात घराण्यातले एकूण एक पुरुष करारी, दानशूर किंवा मितभाषी निघाले. ज्यांच्याबद्दल काहीच माहिती मिळाली नाही, ते सगळे मितभाषी. बायका सुगृहिणी. संपादकाचा फोटो पानभर. मूळ पुरुषाबद्दल मात्र एकच ओळ होती, 'शूर असावेत.' त्या 'असावेत'मुळे निशिकांतना आजवर झोप नीट लागली नव्हती.

त्यामुळे वॉल्टरच्या घरी भिंतीवर काचेच्या पेटीत टांगलेला विळा पहिल्यांदा पाहिला, तेव्हा त्यांना घाम फुटला. वॉल्टर स्वतः न्यू हॅम्पशरमधले गुरांचे डॉक्टर. बायको गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलं, तेव्हा त्यांनी कपडे एका बॅगेत आणले आणि विळा दुसरीत.

"जोसाया लॅम्सन," वॉल्टर म्हणाले. "माझ्या खापरपणजोबांचे आजोबा. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत साधा शिपाई. नदीवरच्या एका उताराशी पहारा देत होता. दारू भिजली, बंदूक चालेना. तेव्हा याने, या विळ्याने, तिघांना अडवलं."

निशिकांतनी नकळत चपला काढल्या.

सुलेखाबाई जवळ गेल्या, काचेला नाक लावून त्यांनी पातं न्याहाळलं. सुनेच्या स्वयंपाकघरात सहा जर्मन सुऱ्या होत्या आणि एकीनेही मेथीची जुडी मनासारखी चिरली जात नव्हती, हे त्यांचं सिंगापूरबद्दलचं एकमेव गाऱ्हाणं होतं. "पातं छान आहे हो," त्या मराठीत म्हणाल्या. "आणि तेल लावलेलं दिसतंय."

"काय म्हणतात त्या?" वॉल्टरनी विचारलं.

"भारावून गेलीय," निशिकांत म्हणाले.

पुढे रोज सकाळी समुद्रालगतच्या पार्कात दोघे चालत, मग हॉकर सेंटरमधल्या एका टपरीवर कॉफी घेत, आणि जोसाया बोलण्यात येत राही. त्याचा बाप कोण, बायको हॅना कुठल्या घरची, पोरं किती, सगळं वॉल्टरना तोंडपाठ. कसलाही डौल न करता सांगत. निशिकांतना त्या माणसाबद्दल आदर वाटू लागला. आणि आदर वाटला की निशिकांत कार्यक्रम ठरवत.

दसरा तोंडावर आला होता. कॉन्डोतली आणि आसपासची वीस-बावीस मराठी कुटुंबं दरवर्षी फंक्शन रूममध्ये जमून शस्त्रपूजा करीत. शस्त्रं म्हणजे लॅपटॉप. निशिकांतनी सगळ्यांना कळवून टाकलं की यंदा प्रमुख पाहुणे एका अमेरिकन योद्ध्याचे वंशज असून पूजेला खरंखुरं शस्त्र येणार आहे, रणात चाललेलं.

"बाबा, रूमच्या अर्जात मी 'फॅमिली डिनर' लिहिलंय," मुलगा प्रबोध म्हणाला. "रण वगैरे जरा कमी करा."

"आजोबा, रिअल वेपन आणायला परमिट लागतं, लाह," नात गार्गी सिंगापुरी हेल काढून म्हणाली.

"तो विळा आहे," सुलेखाबाई म्हणाल्या.

दसऱ्याला तीन दिवस उरले असताना वॉल्टर फिरायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. तेव्हा निशिकांत सरळ त्यांच्या दारी गेले. दार वॉल्टरनीच उघडलं. दाढी वाढलेली. भिंतीवर नुसता खिळा होता. पेटी जमिनीवर, तोंड भिंतीकडे करून ठेवलेली.

"मी येणार नाही, निशी," वॉल्टर म्हणाले. "तुमच्या लोकांना सांगा, मला बरं नाही."

"काय होतंय?"

"माझा चुलतभाऊ तिकडे जुनी दप्तरं धुंडाळत होता. त्याला जोसाया सापडला. नदी नाही, तिघे जण नाहीत, काही नाही. पलटणीच्या हजेरीत त्याच्या नावापुढे लिहिलंय, पळाला." ते खुर्चीत बसले. "एकदा नाही, तीनदा. शाळेत होतो तेव्हापासून मी ही गोष्ट सांगतोय. माझ्या मुलीला सांगितली. बायको गेली त्या आठवड्यात दवाखान्यात तिला सांगत होतो, तिला आवडायची म्हणून. आणि माणूस पळपुटा होता."

निशिकांतच्या मनात पहिल्यांदा आली ती बावीस कुटुंबं. याबद्दल त्यांना लगेच लाज वाटली, पण आधी आली ती बावीस कुटुंबंच. मग त्यांनी वॉल्टरच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि कुटुंबं मागे गेली. या माणसाने ओळखदेख नसताना आपल्याला दोन मजले हिंडवून घरी पोचवलं होतं. आता तोच स्वतःच्या घरात मजला चुकल्यासारखा बसला होता.

इंजिन बंद पडलं की निशिकांत आधी रडत नसत, आधी विचारत, कधी बंद पडलं. "कुठल्या महिन्यात पळाला?" त्यांनी विचारलं.

"काय फरक पडतो?"

"सांगा तर."

"जुलैत."

"आणि मग पकडून आणला?"

"नाही. ऑक्टोबरात स्वतःच परत हजर. फटके मारले त्याला, भरपूर. तेही लिहिलंय."

"दुसऱ्यांदा?"

"पुढच्या वर्षी. जुलै."

"आणि परत?"

"ऑक्टोबर. पुन्हा फटके."

"तिसऱ्यांदाही तेच?"

वॉल्टरनी मान हलवली. "नंतर लढाई संपेपर्यंत तिथेच होता. पण त्याने डाग जात नाही."

निशिकांत उभे राहिले. त्यांचा उजवा हात आपोआप छताकडे निघाला होता, तो त्यांनी आवरला. "वॉल्टर, तुम्ही गुरांचे डॉक्टर. शेतांवर हिंडलात. जुलैत तुमच्याकडे रानात काय उभं असतं?"

"रायचं पीक. कापणीला आलेलं—" वॉल्टर म्हणाले, आणि तिथेच थांबले.

 मग वॉल्टर उठले, पेटी भिंतीकडून वळवली आणि विळ्याकडे असे पाहत राहिले की जणू तो आजच कुणी आणून दिला.

"आमच्याकडे याला पळणं म्हणत नाहीत," निशिकांत म्हणाले. "आमच्या फौजा अशाच चालायच्या. पावसाळा आला की छावणी मोडायची. शिलेदार घरी. पेरायचं, निंदायचं, घरदार बघायचं. आणि दसरा आला की वेस ओलांडून पुन्हा मोहिमेवर. शिलंगण म्हणतात त्याला. तुमचा जोसाया ऑक्टोबरात परत यायचा म्हणता ना? अहो, दसऱ्यालाच यायचा तो! फरक एवढाच, की आमच्या सरदारांना पीक कळत होतं आणि तुमच्या सेनापतींना कळत नव्हतं. शत्रू मात्र एकच, इंग्रज. तुमचं लवकर उरकलं, आमचं जरा लांबलं."

वॉल्टर हसले नाहीत, पण त्यांच्या भुवया जागेवर आल्या.

"आणि पळपुटा माणूस एकदाच पळतो," निशिकांत म्हणाले, आता हळू आवाजात. "तीनदा पळायचं असेल तर मध्ये दोनदा परत यावं लागतं. हा तर तीनदा आला. पहिल्यांदा आला तेव्हा त्याला फटक्यांची कल्पना नसेल कदाचित. पण दुसऱ्यांदा? तिसऱ्यांदा? घरी चुलीपुढे बसलेला, धान्य कणगीत पडलेलं, बायको-पोरं समोर, आणि पाठीवर गेल्या वर्षीचे वळ. तरी उठून डोंगर ओलांडून परत निघाला. मी आयुष्यभर जहाजावर परत जात होतो. कुणी फटके मारत नव्हतं, उलट पगार देत होते, तरी प्रत्येक वेळी स्टेशनवर गाडी सोडून द्यावीशी वाटायची. आमच्या कुलवृत्तांतात चारशे पानं करारी पुरुष आहेत, वॉल्टर. असा एक नाही."

"बंदूक त्याने ठेवली नाही," वॉल्टर स्वतःशीच म्हणाले. "लहानपणी मी विचारायचो, बंदूक कुठेय? विळाच का ठेवला?"

"बंदूक सरकारची होती," निशिकांत म्हणाले. "विळा घरचा."

त्यांनी घरी येऊन हे सगळं सांगितलं, तेव्हा सुलेखाबाई लसूण सोलत होत्या. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "आणि पेरलं कुणी?"

"म्हणजे?"

"कापायला हा आला. पेरलं कुणी? नांगरलं कुणी? तो फटके खात होता तेव्हा बर्फात गुरं कुणी राखली? त्या हॅनाबाईनेच ना? आणि तुमच्या पुस्तकात असती तर काय लिहिलं असतंत? सुगृहिणी."

निशिकांतनी लसणाचा एक गड्डा सोलायला घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी हा प्रश्न आपला म्हणून वॉल्टरना विचारला. वॉल्टरनी तो ऐकला आणि म्हणाले, "सुलेखाला माझा नमस्कार सांगा."

दसऱ्याला फंक्शन रूम भरली. आपट्याची पानं मिळाली नव्हती आणि रस्त्यावरच्या झाडाचं पान तोडायची कुणाची छाती नव्हती, म्हणून मुलांनी सोनेरी कागदाची कापली होती. मधल्या टेबलावर लाल कापड, त्यावर अकरा लॅपटॉप, गार्गीची कंपासपेटी, बंदरावर नोकरीला असलेल्या विश्वास कुलकर्णींचा हातभर पाना, आणि सगळ्यांच्या मधोमध, पेटीतून काढलेला, झेंडू वाहिलेला विळा. वॉल्टर निशिकांतचा झब्बा घालून आले होते. त्याच्या बाह्या त्यांच्या कोपरापर्यंतच पोचत होत्या.

"माझा पूर्वज तीन वेळा सैन्यातून पळाला," त्यांनी सुरुवात केली.

योद्ध्याच्या वंशजाकडून ही अपेक्षा कुणाची नव्हती. कुणीतरी खोकलं. प्रबोधने वडिलांकडे पाहिलं. वडील पुढच्या रांगेत ताठ बसले होते.

मग वॉल्टरनी सांगितलं. नदीची गोष्ट लहानपणी आपल्याला किती आवडायची, ते आधी सांगितलं, आणि ती खोटी आहे, हेही. मग जुलै, राय, डोंगरातली वाट. हॅनाने एकटीने नांगर धरला असणार, ते सांगितलं. या खोलीतल्या एका बाईंनी विचारेपर्यंत आमच्या घराण्यात दोनशे वर्षं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, असंही म्हणाले. सुलेखाबाईंनी पदर सारखा केला. फटक्यांबद्दल वॉल्टर एकच वाक्य बोलले. "तो परत आला, कारण त्याने येतो म्हणून सांगितलं होतं. दुसरं कारण मला सापडत नाही." आणि ते बसले.

 समोर बसलेल्यांपैकी बहुतेकांनी कुणाला ना कुणाला 'येतो' म्हणून सांगितलेलं होतं, पुण्यात, ठाण्यात, साताऱ्यात. कुणाला दोन वर्षं झाली होती, कुणाला नऊ. विश्वास कुलकर्णी पायाशी बघत राहिले. मग त्यांनीच पहिली टाळी वाजवली आणि खोली दणाणली.

एकेक जण उठून विळ्याला हळदकुंकू वाहू लागला. वॉल्टरच्या हातात सोनेरी कागदांचा ढीग झाला. शेवटी निशिकांत उठले. त्यांचा हात, यावेळी न आवरता, छताकडे गेला होता. ते म्हणाले की शौर्य म्हणजे जाणं नव्हे, परत येणं. हे पातं दोन खंडांमधला पूल आहे. आजपासून टिपणीसांच्या कुलवृत्तांताला एक पुरवणी निघेल, तिचं पहिलं पान जोसाया लॅम्सनचं आणि दुसरं हॅनाचं, आणि त्या पानावर सुगृहिणी हा शब्द नसेल. वॉल्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दोन्ही हातांनी विळा उचलला, कपाळाला लावला आणि निशिकांतच्या ओंजळीत ठेवला. 

सुलेखाबाई हलकेच नवऱ्याच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अहो," त्या कानाशी म्हणाल्या, "हातात आलाच आहे तर विचारा ना त्यांना, उद्या सकाळी अर्धा तास मिळेल का? दोन जुड्या मेथी पडलीय."