टाळ्यांच्या आवाजातली तारा

मी एक जुनी कापडी बाहुली आहे. आत हात घालून नाचवतात ना, तसली. नागपूरच्या बेसा भागातल्या एका घरात, कपाटावरच्या पत्र्याच्या पेटीत सध्या माझा मुक्काम आहे. माझा एक डोळा सैल झाला आहे आणि डावा पंजा उंदराने कुरतडला आहे. पण मित्रांनो, एके काळी मी रंगमंचावर प्रत्येक प्रयोगात मरत होते आणि लोक टाळ्या वाजवत होते.

माझा जन्म उमरेडचा. सखूबाई नावाच्या विणकर बाईंनी मागावर उरलेल्या सुती तुकड्यांतून मला शिवले. त्यांची भाची दामिनी नागपुरात बाहुल्यांची नाटके करायची. मला तिच्या हाती देताना सखूबाई म्हणाल्या, "तोंड हसरंच ठेवलं मी. लहान पोरगी हाय, रडकी काहून करू?"

नाटकात माझे नाव तारा. सात वर्षांची तारा सरहद्दीजवळच्या गावात राहते. युद्ध पेटते, गाव रिकामे होऊ लागते आणि मागे राहिलेले करडू आणायला तारा धावते. तेवढ्यात तोफेचा गोळा पडतो. तिचे कोणाशीच भांडण नव्हते. युद्ध कशासाठी चालले आहे, हेही तिला ठाऊक नव्हते.

दामिनीची बोटे आत शिरली की माझ्यात जीव येई. नाटक बसवणारा पियूष मात्र त्या गोळ्यावर खूश होता. मोठा स्पीकर, लाल दिवे, धूर! स्फोट झाला की सभागृह शिट्ट्यांनी दणाणून जाई. मी कुठे पडले, हे कोणी पाहत नसे.

काटोलच्या एका शाळेत प्रयोग संपला आणि एक मुलगा धावत आला. "ताई, पुन्हा उडवा न तिले! मस्त उडाली!"

दामिनीची बोटे माझ्या आत आखडून गेली. त्या पोराचा काय दोष? आम्ही दाखवले तेच त्याने पाहिले.

परतीच्या गाडीत ती पियूषला म्हणाली, "उद्या स्फोट नको."

"काहून? त्याच्यासाठीच तर पोट्टे येतात."

"पोट्टे धूर पाहून राहिले. ताराले कोणीच नाही पाहून राहिलं."

"नाटक पडन, दामिनी. मग आपल्याले बोलावन कोण?"

"पडू दे."

दुसऱ्या दिवशी नागपुरातच, धरमपेठेतल्या एका शाळेत प्रयोग होता. गोळा पडण्याची वेळ आली तेव्हा पियूषचे बोट स्फोटाच्या बटणावर होते. त्याने दामिनीकडे पाहिले आणि हात मागे घेतला. दिवे गेले, परत आले. मी जमिनीवर पडले होते. दुरून करडू ओरडत होते. माझा पंजा त्या दिशेने जरासा उचलला गेला, थरथरला आणि थांबला. पडद्याआडून ताराच्या आईची हाक येत राहिली, "तारा, ये वं लवकर!"

एकही टाळी वाजली नाही. "संपलं," पियूष पुटपुटला.

तेव्हा पहिल्या रांगेतली एक चिमुरडी उठली. रोशनी तिचे नाव. शाळेच्या बाई "बस, बस" म्हणत असताना ती वर चढली, डब्यातली संत्र्याची फोड काढली आणि माझ्या पंज्याजवळ ठेवली. मग मांडी घालून वाट पाहत बसली.

"उठली की तारा खाईल," ती म्हणाली.

दामिनीचा हात अजून माझ्यात होता. एक बोट हलवले असते, तर ते लेकरू खुदकन हसले असते. माझ्या सुताच्या जिवालाही तेच हवे होते. पण तिने बोट हलवले नाही. हात काढून घेऊन ती पडद्याबाहेर आली आणि रोशनीजवळ बसली.

"तारा आता नाही उठणार, बेटा."

रोशनीने माझ्याकडे पाहिले, मग दामिनीकडे. "काहून मारलं तिले? तिनं काय केलं होतं?"

पियूषने ते ऐकले. त्याने ते बटण पुन्हा कधी दाबले नाही. बोलावणी कमी झाली, पुढे नाटक बंद पडले आणि मी पेटीत आले. दामिनी कधीमधी मला काढून ऊन दाखवते, तेवढेच.

मित्रांनो, माझी चिंता करू नका. पण एखाद्या गोष्टीत, पडद्यावर किंवा तुमच्या खेळात युद्ध आले आणि मोठा आवाज झाला, तर धुराकडे पाहत राहू नका. जरा खाली वाकून बघा. तिथे कोणीतरी पडलेले असते, आणि त्याला नाव असते.