आत्याचा मान

बिबवेवाडीत एका पिठाच्या गिरणीवर पूर्णिमाच्या संस्थेचं कार्यालय आहे. कार्यालय म्हणजे एकच खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरतं आणि सह्या वाकड्या येतात. भिंतीवर सत्कारात मिळालेल्या ढाली आहेत, आणि त्यांच्या शेजारी खिळ्याला तिच्या घुंगरांची जोडी टांगलेली आहे. ढाली पुसायला तिला वेळ नसतो. घुंगरं मात्र ती रोज पुसते.

त्या मंगळवारी तिच्यासमोर उत्कर्षा बसली होती. वय बावीस, गाव यवतमाळकडचं. मुलगा म्हणून जन्मलेलं पोर बाई म्हणून वावरायला लागलं, एवढ्यावरून बापानं तिला घराबाहेर काढलं होतं. संस्थेच्या निवाऱ्यात राहण्याचा अर्ज भरताना ती 'घरचा पत्ता' या रकान्याशी अडली.

“काय लिहू ताई? मले तं त्यायनं हाकलून देलं.”

“कोणी नाही, असं लिही,” पूर्णिमा म्हणाली. “आम्ही सगळ्या तेच लिहितो. कटकट नको.”

तेवढ्यात फोन वाजला. पूर्णिमाचा धाकटा भाऊ दिग्विजय बोलत होता. आठ वर्षं दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्यावर त्याला मुलगा झाला होता. पूर्णिमा फोन कानाला लावून नुसती रडत राहिली. “बारसं सव्वा महिना झाल्यावर आहे,” दिग्विजय म्हणाला आणि घाईनं त्यानं फोन ठेवला. या, असं तो म्हणाला नव्हता.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगते ती आत्या. ती पाळण्यावर वाकते आणि जमलेल्या बायका 'कुर्रर्र' करत तिच्या पाठीत धपाटे घालतात. जितके धपाटे तितकं कौतुक. दिग्विजयला दुसरी बहीण नाही. पण तो तिला अजून दादाच म्हणतो, कारण घरानं तिला मुलगा म्हणून वाढवलं आणि ती तशी नाही हे कळल्यावर बाप महिपतीनं बैलाच्या कासऱ्यानं मारलं आणि ती घराबाहेर पडली. त्या वेळी ती एकोणीस वर्षांची होती. तिचं तेव्हाचं नाव इथं सांगायचं काही कारण नाही, ते तिनं टाकून दिलेलं आहे.

घर खराडीजवळच्या गावात होतं. आता ते गाव शहरात आलं आहे आणि जिथं त्यांची ज्वारी डोलायची तिथं काचेच्या इमारती आहेत. लोक काय म्हणतील या भीतीनं आई मथुराबाईंनी एक गोष्ट रचली. थोरला दुबईला गेला, मोठ्या कंपनीत आहे. ही थाप बावीस वर्षं टिकली, कारण मथुराबाईंनी ती निगुतीनं सांभाळली. दर दिवाळीला त्या मार्केटयार्डातून खजूर आणायच्या, डब्यात भरायच्या आणि 'थोरल्यानं धाडलंय' म्हणून भावकीत वाटायच्या. भावकी खजूर खाऊन मुलाचं कौतुक करायची. महिपती गेले तेव्हा दुबईच्या मुलाला तिकीट मिळालं नाही. पूर्णिमा तोंडाला ओढणी गुंडाळून स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी होती.

या बावीस वर्षांत तिनं काय नाही केलं? दोन वर्षं सिग्नलला हात पसरले, ते ती लपवत नाही. मग यमुनाबाई नावाच्या लावणीच्या कलावतीनं तिला पदरात घेतलं, अदा शिकवली, पूर्णिमा हे नाव दिलं. गावोगावच्या जत्रांत ती नाचली. शिट्ट्या मारणारेच पडद्यामागे येऊन हात धरायचे, त्यातल्या एकाच्या कानफटात तिनं लावली तेव्हा पुढच्या सहा सुपाऱ्या गेल्या. नंतर तिनं स्वतःचा संच काढला, कमाईतून संस्था उभी केली. दवाखान्यात पुरुषांच्या रांगेतून हाकललेल्या आणि बायकांच्या रांगेत न घेतलेल्या माणसांसाठी ती भांडते. कर्वेनगरच्या कॉलेजात मुलांपुढे बोलते. तिथं कोणी विचारलं की तुमचे घरचे कुठे असतात, तर म्हणते, मला घर नाही. भावाला त्रास नको म्हणून तीसुद्धा दुबईची थाप आपल्या बाजूनं सांभाळत होती. दुसऱ्यांना ताठ मानेनं जगा सांगणाऱ्या बाईची ही चूक होती, आणि ती तिला कळत नव्हती असंही नाही.

गेल्या जूनमध्ये तिला खराडीतल्या एका कंपनीनं भाषणाला बोलावलं. तिथंच नोकरीला असलेला दिग्विजय चौथ्या रांगेत बसला होता. भाषण संपल्यावर सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यात तोही होता. फोटोच्या वेळी मात्र त्याला फोन आला. रात्री त्याचा मेसेज आला, 'छान बोललास.' तो तिनं जपून ठेवला आहे.

बारशाच्या आठवडाभर आधी दिग्विजय पेढ्यांचा पुडा घेऊन गिरणीवरच्या खोलीत आला. उत्कर्षा तिथंच बसली होती, पूर्णिमानं तिची ओळख करून दिली. त्यानं पाणी घेतलं, ढाली बघितल्या, आणि मग तो मुद्द्यावर आला.

“दादा, आईचा नवस आहे. मूल झालं की तुमच्या लोकांचा आशीर्वाद घ्यायचा. ॲक्चुअली आमच्यात सगळेच बोलावतात. तर मी म्हटलं, परकं कोणी कशाला? तूच ये.”

पूर्णिमानं विचारलं, “कोण म्हणून येऊ?”

“ते लोक येतात ना, तसंच. या उत्कर्षाला घेऊन ये. दोन टाळ्या, बाळाला आशीर्वाद, आई नारळ-साडी देईल, निघायचं. दहा मिनिटं. कोणाला डाउट येणार नाही. बावीस वर्षांत तुला कोण ओळखणार? आणि आईलाही बघता येईल तुला.”

“आणि कानात नाव कोण सांगणार?”

“भाग्यश्री. मच्छिंद्रकाकांची.” तो जमिनीकडे बघत म्हणाला. “चुलत असली तरी आत्याच ना. तू प्लीज इश्यू करू नकोस.”

तो गेल्यावर उत्कर्षा तडकली. “काहून जायचं ताई? सख्ख्या घरी टाळ्या वाजवाले?”

“बाळ हातात देतील गं,” पूर्णिमा म्हणाली. “आमच्या घरातलं कोणी माझ्या हातात दिलेलं नाही अजून. आशीर्वादासाठी का होईना, देतील. मार तर मी त्या घरात पुष्कळ खाल्लाय. बारशाचे धपाटे काही नशिबात नाहीत, निदान बाळ तरी घेते.”

असं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार?

रविवारी खराडीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दोनशे माणसं जमली होती. पाळण्याला शेवंतीच्या माळा होत्या, मागं फुगे होते. दाराशी चपलांचं स्टँड होतं आणि तिथंच टेबलावर खजुरांची मोठी थाळी ठेवलेली होती. थोरल्यानं दुबईहून पाठवले आहेत, असं येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जात होतं.

पूर्णिमा आणि उत्कर्षा आत आल्या तशी बायकांनी वाट करून दिली. मोठ्या आदरानं, पण पदर सावरत. ज्या चुलत्या-मावश्यांनी तिला लहानपणी कडेवर घेतलं होतं त्याच आता आपापली नातवंडं तिच्यापुढे धरू लागल्या. “जरा हात ठेवा बाई डोक्यावर, सारखं आजारी पडतंय,” एकीनं म्हटलं आणि पूर्णिमाच्या पायालाही हात लावला. आपल्याकडची ही रीतच मोठी अजब आहे. यांचा आशीर्वाद फळतो, म्हणून दुसऱ्याच्या घरातलं असं मूल दारात यावं. तेच मूल आपल्या घरात जन्मलं की मात्र त्याला दुबईला पाठवावं.

मथुराबाई पाळण्याशी बसल्या होत्या. केस पांढरे झाले होते. पूर्णिमा समोर आली तेव्हा त्यांनी एकदाच वर बघितलं आणि डोळे पाळण्याकडे वळवले. बाळाची आई तनुजा शेजारी उभी होती. तिनं पाळण्यातून बाळ उचललं आणि पूर्णिमाच्या हातांत दिलं.

पूर्णिमानं टाळी वाजवली नाही. तिचे दोन्ही हात गुंतले होते. बाळ झोपेत ओठ मुडपत होतं आणि त्याच्या हनुवटीवर महिपतीसारखीच खळी होती. बापाची खळी बघून तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, नुसतं भरून आलं.

“बाई, हे घ्या,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी नारळ, तांदूळ आणि एक पातळशी साडी पुढे केली. शेजारच्या ताटात भाग्यश्रीसाठी आणलेली पैठणी होती.

तेवढ्यात मच्छिंद्रकाका खजूर चघळत पुढे आले. “दिग्या, थोरल्याला सुट्टी न्हाय गावली व्हय? पुतण्याच्या बारशाला तरी यायचं हुतं.”

“तिकिटं फार महाग झालीत काका सध्या,” दिग्विजय म्हणाला. पूर्णिमा त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. त्यानं तिच्याकडे बघितलंही नाही.

“तिकीट मिळालं काका,” पूर्णिमा म्हणाली. “आलेय मी.”

काका हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि त्यांचं चघळणं थांबलं.

“तुमच्या विहिरीत पोहायला शिकले मी. तुम्हीच ढकललं होतं, आठवतं? दुबईला मी कधी गेले नाही. बिबवेवाडीत राहते. दोन रिक्षा बदलल्या की इथं येता येतं.” तिचा आवाज चढला नव्हता. ती मथुराबाईंकडे वळली. “आई, दोन साड्या आहेत. यातली आत्याची कुठली आणि माझी कुठली, एवढं तू सांग. तू सांगशील ती घेऊन जाते.”

दिग्विजय दबक्या आवाजात म्हणाला, “दादा, आपलं ठरलं होतं.”

“ठरलं होतं,” ती म्हणाली. “मी शब्द मोडला. पण तू माझ्यासमोर उभं राहून मला दुबईला पाठवलंस, ते सहन नाही झालं रे.”

भाग्यश्री कर्वेनगरला शाळेत शिकवते, तिची जीभ तिखट आहे. तिनं पैठणीचं ताट बाजूला सरकवलं. “सख्खी हजर असताना चुलत बहिणीनं कशाला मिरवायचं? मला नाही जमणार,” असं म्हणून ती मागे सरली.

आता एकच शब्द पुरेसा होता. मथुराबाई तो बोलू शकल्या असत्या. त्या उठल्या, पूर्णिमाच्या हातांतून बाळ काढून घेतलं, पाळण्यात ठेवलं आणि स्वतःच घाईघाईनं वाकून त्याच्या कानात 'समर्थ' म्हणाल्या. “झालं बारसं,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “पानं वाढा.” आजीच्या पाठीत धपाटे घालायची रीत नाही. कुर्रर्र कोणी केलं नाही.

पूर्णिमा दाराकडे वळली. उत्कर्षानं तिचा दंड धरला होता. खजुराच्या थाळीपाशी पूर्णिमा थांबली, त्यातला एक उचलून तिनं खाल्ला. “मार्केटयार्डातलाच आहे,” ती म्हणाली, “पण चांगला आहे.”

दोघी चपला घालत होत्या तेव्हा तनुजा बाळ घेऊन बाहेर आली. पाठोपाठ हॉलमधून दिग्विजयची हाक आली, “तनू, आत ये.” ती गेली नाही. तिनं हॉलचं दार मागे ओढून घेतलं.

“वन्सं,” ती म्हणाली. नणंदेला असं हल्ली कोणी म्हणत नाही, तनुजाच्या तोंडूनही तो शब्द जरा अडखळतच आला. “आईंनी सांगितलं तेव्हा हा झोपला होता. त्यानं काही ऐकलं नाही. आता जागा आहे. तुम्ही सांगा.”

पूर्णिमा वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेलं, पण तिला नाव सांगता येईना. तेव्हा तनुजानं एका हातानं बाळ सांभाळलं आणि दुसऱ्या हातानं पूर्णिमाच्या पाठीत धपाटा घातला. हलकासा. मग उत्कर्षानं घातला. “कुर्रर्र,” दोघी म्हणाल्या.

“जोरात घाला,” पूर्णिमा म्हणाली. “बावीस वर्षांचे राहिलेत.” आणि तिनं बाळाच्या कानात 'समर्थ' सांगितलं.

त्या घराच्या आत्याचा मान असा चपलांच्या स्टँडपाशी झाला. आत दोनशे माणसं होती, दार कोणी उघडलं नाही. पंगती व्यवस्थित उठल्या. मठ्ठा छान झाला होता, असं सगळे म्हणत होते. वाचकहो, त्या पंगतीत तुम्हीआम्हीच होतो. कोणाच्या तरी घरचं कोणीतरी दुबईला आहे, हे आपण खजूर खात ऐकून घेतो आणि कधी पुढचा प्रश्न विचारत नाही.

मथुराबाईंचा फोन अजून आलेला नाही. दिग्विजयनं तनुजाशी चार दिवस अबोला धरला. येत्या जूनमध्ये त्याच कंपनीनं पूर्णिमाला पुन्हा भाषणाला बोलावलं आहे, आणि 'माझा भाऊ याच इमारतीत काम करतो' हे वाक्य तिनं भाषणात पहिलं लिहून ठेवलं आहे.

सोमवारी सकाळी गिरणी सुरू व्हायच्या आत तिनं उत्कर्षाचा अर्ज काढला. 'कोणी नाही' हे शब्द तिनं खोडले आणि कागद पुढे सरकवला.

“बापाचं नाव लिही. आईचंही. पत्ता पूर्ण लिही, घर नंबरासकट.”

“ते नाही म्हणतील तं?”

“म्हणू देत,” पूर्णिमा म्हणाली. “आपण कशाला त्यांच्या वतीनं म्हणायचं?”

उत्कर्षानं पेन उचललं आणि हळूहळू, एकेक अक्षर नीट काढत, ती पत्ता लिहू लागली.