झोपाळ्याची चोरी

आमच्या मंडळाला निषेध करायला फार आवडतं. अमेरिकेतल्या अ‍ॅशबर्नमध्ये राहून कशाकशाचा निषेध करणार म्हणा, पण वार्षिक सभेत एखादा ठराव होतोच. मागच्या वर्षी गणपतीत समई लावू दिली नाही म्हणून हॉलवाल्यांचा झाला. हॉलवाल्यांना त्याचा अजून पत्ता नाही. या वर्षी, म्हणजे २००७ साली, निषेध ठरला तो एका रॅप गाण्याचा, आणि त्याच्या मुळाशी होते माझे यजमान, प्रताप.

आमचा अध्यक्ष यतीन, मूळचा पुण्याचा, इथे डेटा सेंटरमध्ये नोकरीला आहे. एका शनिवारी तो धापा टाकत घरी आला.

"काका, अनबिलीव्हेबल! तुमचा झोपाळा चोरला यार त्यांनी! ड्राइव्ह करताना मुलाने गाणं लावलं, मध्येच सेम टु सेम तुमची चाल! मी गाडी साइडला घेतली."

'झोपाळा' म्हणजे प्रतापांचं गाणं. 'आई, तुझा झोपाळा अजून हलतो अंगणी.' १९७५च्या कोजागिरीला फिलाडेल्फियात त्यांनी ते पहिल्यांदा म्हटलं. तेव्हापासून बत्तीस वर्षं इथली मराठी माणसं मसाला दूध पिता पिता त्यावर रडत आली आहेत. गाण्याआधी प्रताप प्रस्तावना करतात. आई नागपुरात गेली, आपल्याला पोहोचता आलं नाही, त्या दुःखात चाल सुचली, वगैरे. डोळे पुसायला सोपं जावं म्हणून चष्मा आधीच काढून ठेवतात.

माझ्या सासूबाई वारल्या १९८९मध्ये. म्हणजे दुःखाच्या चौदा वर्षं आधी गाणं तयार होतं. सभागृहात निम्मे इंजिनिअर आणि उरलेले डॉक्टर, पण ही वजाबाकी कुणाला जमली नाही. शिवाय प्रतापांचं बालपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. तिथे झोपाळा नव्हता आणि अंगणही नव्हतं.

मला खरं काय ते माहीत होतं. १९७२च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियातल्या उघड्या खिडक्यांमधून एकच गाणं ऐकू यायचं. आई गेली तरी स्वयंपाकघरातली तिची खुर्ची खिडकीशी तशीच ठेवली आहे, तिच्यावर कुणी बसत नाही, एवढंच त्यात होतं. गाणारा क्लाइड मेबँक शहरात बस चालवायचा. आई गेल्यावर त्याने ते रचलं. आवाज असा, की जखमेवरची पट्टी कुणी सावकाश काढतंय. गाणं देशभर गाजलं. पुढे ते दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये वाजायला लागलं, मग एका सोफ्याच्या दुकानाने जाहिरातीत घेतलं. मेलेल्या बाईच्या खुर्चीवर सोफे विकणाऱ्यांना काय म्हणावं! क्लाइड गेल्याला आता वीस वर्षं झाली. रॅपवाल्यांनी तुकडा उचलला तो त्याच्या या गाण्यातला.

त्याची बहीण एर्नेस्टीन माझ्या हॉस्पिटलात नर्स होती. भूल देण्याचं काम शिकायला मी आले, तेव्हा हात कसा स्थिर ठेवायचा हे मला मोठ्या डॉक्टरांनी नाही, तिने शिकवलं. मार्च १९७३मध्ये माझी आई वारली. तार आली तेव्हा माझा संजीव तीन आठवड्यांचा होता आणि मला जाता आलं नाही. एर्नेस्टीन घरी आली, हातात एक छोटी रेकॉर्ड ठेवली आणि म्हणाली, "ही लाव आणि रड. न रडता तू काम करू लागलीस तर मला तुझी भीती वाटेल."

मी ती लावून रडायची. सासूबाई बाळंतपणासाठी आल्या होत्या. शेजारच्या खोलीत चिवडा खात त्या म्हणायच्या, "बंद कर गं ते." प्रताप तेव्हा काही बोलत नसत. ऐकत असत, हे मला दोन वर्षांनी कोजागिरीला कळलं. बसायच्या खुर्चीचा झोपाळा झाला, खिडकीचं अंगण झालं आणि माझ्या आईच्या जागी सासूबाई बसल्या. आयत्या बिळावर नागोबा!

मी गप्प राहिले. नवऱ्याची लाज ती आपली लाज, या शिकवणीवर मी बत्तीस वर्षं काढली. त्यांच्याइतकाच मला माझाही राग येतो. रेकॉर्ड हाताशी असती तर पुढे कधीतरी कदाचित बोलले असते, पण १९८१मध्ये इथे राहायला येताना ती फुटली, असं प्रतापांनी सांगितलं होतं.

ठरावाबरोबर काकांचा सत्कारही करायचं मंडळाने ठरवलं. त्यासाठी यतीनला जुने फोटो हवे होते. ते शोधायला मी बेसमेंटमध्ये प्रतापांची ट्रंक उघडली. तळाशी, लग्नातल्या शेल्यात गुंडाळलेली, रेकॉर्ड होती. ओरखडासुद्धा नव्हता. पाकिटावर एर्नेस्टीनचं अक्षर: 'डॉक्टर शोभनाला, तिच्या आईसाठी. मार्च १९७३.'

मी तिथेच पायरीवर बसले. गाणं चोरलं ते एक वेळ सोडून दिलं असतं. पण फुटली म्हणून सांगितलं आणि मला सव्वीस वर्षं रडायलाही काही ठेवलं नाही. त्या दिवशी मी ठरवलं की माझी आई मी परत घेणार.

सभा रविवारी दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात होती. साठेक माणसं समोसे खाऊन तृप्त झाली होती. प्रताप पुढे सिल्कच्या झब्ब्यात. गेले दोन आठवडे ते सगळ्यांना फोन करून आपल्यावर झालेल्या अन्यायाची कहाणी सांगत होते. चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, फोनवरून लाँग डिस्टन्स मारलेल्या पहिल्यांदाच ऐकल्या.

यतीनने ठराव वाचला. "मराठी मातेवरील अजरामर गीताच्या या निर्लज्ज चोरीचा ही सभा तीव्र निषेध करते. सूचक मी स्वतः. अनुमोदक, अर्थातच, शोभनाकाकू!"

टाळ्या झाल्या. अनुमोदकाने उभं राहून 'अनुमोदन' म्हणायचं आणि बसायचं, एवढंच काम. माझी नात अनया रेकॉर्ड प्लेअर घेऊन बाजूला उभी होती.

"अनुमोदन," मी म्हणाले. "चोरी झालीच आहे. आणि ती निर्लज्जच आहे. कशाची झाली तेवढं ऐका."

अनयाने सुई टेकवली. पियानो सुरू झाला आणि सवयीने निम्म्या लोकांनी 'आई, तुझा झोपाळा' म्हणायला सुरुवात केली. मग क्लाइडचा आवाज आला. एकेक तोंड बंद होत गेलं. शेवटी एकटे जगन्नाथकाका, ज्यांना कमी ऐकू येतं, अंगणापर्यंत पोहोचले आणि तेही थांबले.

"काकू," यतीन हळूच म्हणाला, "काकांच्या गाण्याचं इंग्लिश व्हर्जन कधी निघालं?"

मी त्याच्या हातात पाकीट दिलं. त्याने छापलेलं साल वाचलं, मग शाईतलं अक्षर वाचलं. अनयाने विचारलं, "Aji, so whose mom was it?"

"त्याची," मी म्हणाले. "आणि मग माझी."

प्रतापांनी चष्मा काढला होता. तो त्यांनी परत घातला. सभेने त्यावर काय करावं? ठराव तहकूब केला, आणि सत्काराची शाल उगाच वाया जायला नको म्हणून जगन्नाथकाकांना ज्येष्ठ सभासद म्हणून घातली. बत्तीस वर्षं रडलेल्या एकानेही मला माझ्या आईचं नाव विचारलं नाही.

आम्ही गाडीत बसलो. प्रताप म्हणाले, "घरी सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

"फुटली, असं तुम्ही घरीच सांगितलं होतंत."

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातली एक खुर्ची खिडकीशी ओढली आणि रेकॉर्ड लावली. चौतीस वर्षांपूर्वीचं सगळं रडू आलं. आईचं नाव मालिनी होतं. प्रताप शेजारच्या खोलीत होते, पण बंद कर म्हणाले नाहीत.