फुलीची अंडी

ओव्हन घरात आला त्या दिवसापासून मीनाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. एवढासा तो डबा, पण दिवसातून किती वेळा पुसायची! रविवारी सकाळीच तिनं जाहीर केलं, आज बेक केलेली अंडी. मी, म्हणजे तिचा नवरा, लगेच पिशवी घेऊन चीज आणायला पळालो. कंपनीत आठवडाभर गार पोळीभाजी खाणाऱ्या माणसाला एवढं निमित्त पुष्कळ झालं.

आमचं घर पेठ रोडला, दोन खोल्या आणि मागे जरासं अंगण. अंगणावर राज्य माझ्या आईचं. पेठकडच्या गावाहून नाशकात येताना तिनं निम्मी भांडी मागे ठेवली, पण लग्नात तिच्या आईनं दिलेल्या कोंबडीचं वाण काही सोडलं नाही. आताची तपकिरी कोंबडी त्याच वाणातली. जोडीचा काळा कोंबडा मात्र मागच्या आठवड्यात कुत्र्यांनी नेला. आई दोन दिवस धड जेवली नाही. "कोंबड्याचं सुतक पाळतेस का?" असं मी गमतीनं विचारलं आणि त्यावर जे ऐकून घेतलं ते लिहिण्यासारखं नाही.

चीज घेऊन आलो तर मीनाची तयारी झालेली. काचेच्या भांड्यात तळाला उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, वर कांदा-टोमॅटोचा मसाला, थोडी मेथी. त्यात चार खळगे करून तिनं चार अंडी अलगद फोडली होती. "बलक बघ कसा केशरी आहे. गावठीच अंडी हवीत," ती म्हणाली. चीज किसून वर पसरलं, भांडं आत गेलं आणि आम्ही दोघं काचेपुढे मांडी ठोकून बसलो. चीज फुगायला लागलं, कडा लालसर झाल्या. मीना टाळ्या पिटायचीच बाकी होती. मलाही राहवत नव्हतं, उगाच कशाला खोटं सांगू?

ओव्हनची घंटी वाजली आणि त्याच वेळी मागच्या दारानं आई आली. शेजारच्या भागुबाईकडून परतताना तिचा चेहरा नुसता उजळला होता.

"ललित, कोंबडी खुडूक झाली रे. जागची हालत नाय. आजच बसवते तिला अंड्यांवर." असं म्हणत तिनं कोपऱ्यातली तुसाची टोपली ओढली. आत हात घातला, पुन्हा घातला. "फुलीची अंडी कुठं गेली?"

मीना हातात गरम भांडं धरून उभी. "ती मी घेतली, आई. आमच्या चांदवडला जुन्या अंड्यांवर पेन्सिलीनं फुली मारतात, आधी संपवायची म्हणून. मला वाटलं..."

"आमच्यात कोळशाची फुली म्हंजी हात लावायचा नाय. काळ्याची शेवटची होती ती. आता काळा कुठून आणू?"

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. मीनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. भांड्यात जागा नव्हती म्हणून उरलेलं एक अंडं तिनं ओट्यावरून आणून आईपुढे धरलं. त्यावर काळी फुली होती. आईनं ते घेतलं, भागुबाईकडून आणखी अंडी मागून आणली आणि कोंबडी बसवली. जेवायला कोणी आलं नाही. मी एकट्यानंच खाल्लं, आणि सांगायला लाज वाटते, झकास झालं होतं.

त्यानंतर दोघींत कामापुरतं बोलणं. ओव्हनवर मीनानं जुनी ओढणी टाकली. सकाळ-संध्याकाळ ती खुराड्यापाशी जाऊन बसे, कोंबडीच्या चोची खाई, पण उठत नसे. तीन आठवड्यांनी भागुबाईच्या अंड्यांतून पिल्लं निघाली, चिवचिव सुरू झाली, पण फुलीचं अंडं तसंच. "नाय निघायचं ते," आई म्हणाली आणि घरात निघून गेली. मीना हलली नाही. संध्याकाळी तिची हाक आली.

"आई, लवकर या. फुलीला तडा गेलाय."

आई धावली. मीही धावलो, एक चप्पल वाटेतच राहिली. बारीक चोच आतून टोचत होती. फुली मधोमध फुटली, ओलं काळं पिल्लू बाहेर आलं, पडलं, पुन्हा उठलं. आईनं ते उचलून मीनाच्या ओंजळीत ठेवलं.

"कोंबडाच हाय बघ," ती म्हणाली. इतक्या लवकर ते कळत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

मग ती आत गेली, ओव्हनवरची ओढणी काढून घडी केली आणि दुकानात जाऊन आली. हातातली कागदी पिशवी तिनं मीनापुढे ठेवली.

"चार आणलीत. फुली नाय एकावर पण, बघून घे. आणि मला कडेचं लाल झालेलं वाढ."