एका जाळीखालच्या दोघी बहिणी

मित्रांनो, मी एक जुनी मच्छरदाणी आहे. आज माझ्या अंगावर जाळीपेक्षा ठिगळंच जास्त दिसतात, पण मी नवी होते तेव्हा डासाची काय बिशाद होती आत यायची. या घरातल्या दोघी बहिणी माझ्याखाली वाढल्या. थोरली भिंतीकडे, धाकटी खिडकीकडे.

खिडकीच्या खिळ्याला अडकून मी फाटले. सगळ्यांनी पाहिलं, शिवलं कोणी नाही. पुढे दोघींना ताप आला. थोरली लवकरच उठून खेळायला लागली. धाकटी मात्र बेशुद्ध पडली, तिला दवाखान्यात ठेवावं लागलं.

आजीने मला ओढून सुनेपुढे, म्हणजे मुलींच्या आईपुढे टाकलं. "भोक दिसत होतं ना? तरी धाकटीलाच तिथे निजवलंस."

"आई, डास आत शिरला की त्याला कुठे कड ठरलेली असते?"

"मग थोरलीला कसं काही झालं नाही?"

मलाही तेच कोडं पडलं होतं.

दवाखान्यातल्या रक्त तपासणाऱ्या बाई घरी येऊन सगळ्यांचं रक्त घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मलेरियाचे जंतू दोघींच्या रक्तात आहेत. पण थोरलीला आईकडून एक वेगळा गुण मिळालाय. जंतू शिरला की तिची तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि शरीर तिला जंतूसकट मोडीत काढतं. त्यामुळे आजार सहसा बळावत नाही. धाकटीला तो गुण मिळाला नाही."

"एकाच आईच्या ना दोघी?"

"तरी कोणाला काय मिळेल ते आधी सांगता येत नाही, आजी. आणि हाच गुण आईबाप दोघांकडून आला असता, तर तोच मोठा आजार झाला असता. यांच्या बाबांमध्ये तो नाही."

आजीने मला मांडीवर ओढलं. माफी मागणं तिला कधी जमलं नव्हतं. तिने सुई काढली आणि सुनेला म्हणाली, "दोरा ओवून दे. मला दिसत नाही."

सुनेने ओवून दिला.

धाकटी घरी आली. अंगात जीव नव्हता, पण बहिणीशी भांडण्याइतकी बरी होती. थोरली ऐटीत म्हणाली, "मी बाहेरच झोपते. माझं रक्त भारी आहे."

आजीने कान धरून तिला आत घेतलं. "रक्त भारी, अक्कल हलकी. तुला चावलेला डास उद्या हिला चावला तर?"

मित्रांनो, कोणाच्या रक्तात काय आहे ते मला कळत नाही. मी सगळ्यांना सारखीच पुरते. म्हणून भोक दिसलं की त्याच दिवशी शिवा. चूक कोणाची, यावर भांडायला नंतर भरपूर वेळ असतो.