उत्तम लाळ

“गिळ. चारचौघांत थुंकायचं नाही.”

सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांचं हे वाक्य आमच्या घरात अजून राहतं. दोन्ही मुलांना त्यांनी ते सारख्याच मायेने शिकवलं. थोरल्याने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, ते आयुष्यभर पाळलं. धाकटे भावजी शास्त्रज्ञ झाले आणि श्वासनलिकेतल्या कफावर संशोधन करू लागले. लोक जे तोंड फिरवून टाकतात, ते भावजी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात.

मला त्यांनी एकदा पोळपाट-लाटणं बाजूला सारून सगळं समजावलं होतं. श्वासनलिकांना आतून अगदी बारीक केस असतात. ते कफाचा पातळ थर सतत वर ढकलत राहतात, धूळ आणि जंतूंसकट. कफातलं पाणी आटलं की त्याची खळ होते, केस तिच्यात रुततात, आणि मग जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात.

ह्यांच्या फुफ्फुसात ते बिऱ्हाड केव्हाच थाटलं गेलंय. जिना चढताना हे मधल्या वळणावर थांबून खिडकीबाहेर बघतात. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. विचारलं तर म्हणतात, “रंग बरा दिलाय.” हल्ली हे आणखी एका ठिकाणी थांबतात. तिथे खिडकीही नाही.

भावजींचा नवा अभ्यास सोमवारी सुरू होणार होता. खाऱ्या पाण्याचा फवारा श्वासावाटे ओढला की खळ सुटते. पण कोणाला किती खारा फवारा सोसेल, आणि सोबत कोणतं औषध लागेल, ते त्या माणसाचा कफ तपासल्याशिवाय ठरत नाही. ह्यांचं नाव त्या अभ्यासात घेतलं होतं. ह्यांनी नमुन्याची डबी दोनदा भरून पाठवलीही होती.

शुक्रवारी संध्याकाळी भावजी आले आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढून ह्यांच्यासमोर बसले.

“दादा, ही लाळ आहे.”

“असेल.”

“उत्तम लाळ आहे. दात घासलेली. भिंगाखाली नुसत्या गालाच्या पेशी दिसतात. तुझ्या गालांना काही झालेलं नाही. मला बेडका हवाय.”

हे दचकले. “बाळ! वहिनीसमोर काय शब्द वापरतोस?” भावजी पन्नाशीचे आहेत.

“मग काय म्हणू?”

“कफ म्हण.”

“कफ म्हटलं की तू लाळ देतोस. शोधनिबंधात मी आणखी सभ्य शब्द लिहितो. तो सांगितला तर तू रिकामी डबी पाठवशील.”

हे मिठाच्या बरणीकडे बघत राहिले. “प्रयत्न केला मी. येतो तो वरपर्यंत.”

“मग?”

“मग जातो.”

“कुठे जातो?”

“आत. आपोआप.”

भावजींचा आवाज खाली आला. “दादा, आई गेली रे.”

“म्हणून काय थुंकायचं?”

भावजींनी खुर्ची आणखी पुढे ओढली. म्हणाले, “तुझ्या फुफ्फुसाचा खालचा भाग निकामी होत चाललाय. उद्या डबी आली नाही, तर सोमवारी तुला घेता येणार नाही. पुढची तुकडी वर्षभराने. तोवर जिना तेवढाच राहील, तू नाही राहणार.”

मी हळूच म्हटलं, “सासूबाई चारचौघांत म्हणाल्या होत्या ना? बाथरूममध्ये तुम्ही एकटेच असता.”

“तू असतेस बाहेर. ऐकू जातं.”

“ऐकून मी काय करणार?”

“बोलणार. ‘केवढं खोकताय’ म्हणणार. गरम पाणी घेऊन दार वाजवणार.”

हे खरंच होतं. “मग सकाळी उठल्या उठल्या द्या,” मी म्हटलं. “पोथीचा पाठ होईपर्यंत माझं मौन असतं.”

“वहिनीचं मौन पक्कं,” भावजी म्हणाले. “माझ्या प्रयोगशाळेत इतकं भरवशाचं काहीच नाही. दादा, आधी साध्या पाण्याने चूळ भर. खोल श्वास घे, पोटापासून खोक, आणि वर आलं की विचार करू नकोस. शब्द दे.”

ह्यांनी मिठाची बरणी बाजूला सारली. “दिला.”

शनिवारी मी पाठाला बसले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं. हे उठून आले. फळीवरची डबी घेतली आणि टॉवेलखाली लपवली, घरात आम्ही दोघंच होतो तरी. बाथरूमच्या वाटेवर सासूबाईंचा फोटो आहे. त्याच्यासमोर हे उभे राहिले. मग दोन्ही हातांनी, काच वाजू न देता, फोटो भिंतीकडे वळवला.

आणि माझ्याकडे पाहिलं.

मी डोळे मिटून घेतले. जरा वेळाने आतून कडी लागली.