खदाणीचं पाणी आणि कान्हाचे कान

खदाण वाचली. कचरा टाकायचा हुकूम रद्द झाला, गुलाल उधळला गेला, मंडळाचे अध्यक्ष बाबुराव यांना दोघांनी खांद्यावर उचललं आणि त्यातल्या एकाने वेळेआधीच सोडलं.

हे काही झालेलं नाही असं समजा. मीही तसंच समजतो. गोष्ट सुरू होते तेव्हा खदाण वाचायची आहे, कान्हाचे दोन्ही कान जागेवर आहेत, आणि आम्ही सगळे मूर्ख असलो तरी ते अजून सिद्ध व्हायचं आहे.

कान्हा माझा मित्र, डोंबिवलीच्या खाडीकाठचा, कोळ्यांचा. त्याचा आजा खाडीत मासे धरायचा. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी आलं. मासे शहाणे होते, ते गेले. माणसं राहिली. त्यांच्यासाठी तळाची रेती उरलेली, म्हणून कान्हाचा बाप दामाजी डुबीवर लागला. डुबी म्हणजे होडी भर खाडीत उभी करायची, तळापर्यंत बांबू रोवायचा, एका हाताने बांबू आणि दुसऱ्या हाताने लोखंडी बादली धरून श्वास कोंडून खाली जायचं, बादलीत रेती भरून वर यायचं, आणि परत खाली. दिवस मावळेपर्यंत हेच. त्या रेतीतून आमच्या डोंबिवलीत चार-चार मजली इमारती उभ्या राहिल्या. त्यांना 'सागर दर्शन' अशी नावं देतात. तिसऱ्या मजल्यावरून समोरच्यांची वाळत घातलेली गोधडी दिसते.

डुबीवाल्याचे कान जातात. पाण्याचा दाब पडदा फोडतो. मग कानात कोमट तेल सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी परत बादली. दामाजी चाळिशीत ठार बहिरा झाला. तेव्हापासून तो प्रश्नही स्वतःच विचारतो आणि उत्तरही स्वतःच देतो. मी घरी गेलो की ओरडतो, "आलास? आलो! च्या घेशील? घेईन!" मला फक्त कप धरायचा असतो.

कान्हा बावीस वर्षांचा. वर्षभर डुबी मारल्यावर त्याच्या कानात शिट्ट्या वाजायला लागल्या. तेव्हा कुणीतरी त्याला आंबिवलीच्या शेजवळ मास्तरांकडे पाठवलं.

कुंडलिक शेजवळ गोदीत पाणबुडे होते. जहाजांच्या बुडांना टाके घालण्यात त्यांची उभी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर त्यांनी भंगारातून हवेचे दोन सिलिंडर, तोंडात धरायच्या नळ्या, काचेचे मुखवटे आणि बदकासारखे रबरी पाय जमवले आणि आंबिवलीच्या पुढे, टेकडीमागच्या पडीक खदाणीत शाळा काढली. दगड संपल्यावर मालक निघून गेलेला आणि खदाण पावसाने भरलेली. पाणी इतकं नितळ की तळाला पडलेला, दगड उचलायच्या यारीचा गंजका हूक काठावरून दिसायचा. फी सुकटीची एक पुडी. तीही कमी वाटली तर मास्तर तोंड पाडून घ्यायचे.

पहिल्याच दिवशी मास्तर म्हणाले, "खाली जाताना नाक दाबायचं आणि बंद नाकात फुंकर मारायची. कानात टक् वाजतं. टक् वाजल्याशिवाय पुढे जायचं नाही. जो जाईल त्याने नंतर माझ्या दारात रडायला यायचं नाही."

कान्हा खाली गेला, वर आला आणि काठावर नुसता बसून राहिला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"दुखलाच नाय." तो पाण्याकडे बघत होता. "बापानं माझ्या उभा जल्म डुबी मारली. त्याला कोनी सांगला नाय? नाक दाबाचा. एवराच?"

"मग आता डुबीतही दाब," मी म्हटलं.

"एक हात बांबूला, एक बादलीला. नाक काय तू येऊन दाबशील?"

"म्हणून म्हणतो, ते काम सोड," मास्तर म्हणाले.

सोडून जायला जागाही होती. बंदरात पुलांची नि जहाजांची कामं करणारी एक कंपनी डिसेंबरात पाणबुड्यांची परीक्षा घेणार होती. पाण्याखाली राहून नट-बोल्ट आवळून दाखवायचे. पास झालास तर कायमची नोकरी, हवा कंपनीची आणि दोन्ही हात मोकळे. खाडीत सराव होत नाही, तिथे स्वतःचा हात दिसत नाही; बोल्ट म्हणून माणूस खेकडा आवळेल. म्हणजे खदाण राहिली तर कान्हाचे कान राहणार होते. हिशोब इतका सोपा होता.

जुलैत खदाणीवर पाटी लागली. 'या जागी कचऱ्याचा भराव टाकण्यात येईल.'

आम्ही ठाण्याला गेलो. कोणतं कार्यालय ते सांगत नाही, कारण आत बसलेल्यांचंही त्यावर एकमत नव्हतं. शेवटी एक साहेब सापडले.

"नकाशात तिथे पाणी नाही," साहेब म्हणाले. "खड्डा आहे. खड्डा दिसला की भरायचा."

"साहेब, पाणी आहे. माणसं तिथे शिकतात."

"काय शिकतात?"

"पाण्याखाली श्वास घ्यायला."

साहेबांनी विचारलं, "वर घेता येत नाही का?"

कान्हा उठला. मी त्याचा शर्ट मागून धरला. साहेब म्हणाले, "लोकांचा पाठिंबा आणा, मग बघू." पाठिंबा ही आंबिवली स्टेशनवर सुटी मिळणारी वस्तू असावी, असा त्यांचा सूर होता.

आम्ही दारोदार फिरलो. 'पाणबुडे वाचवा' अशी कापडी पट्टी घेऊन चाळींमधून हिंडलो. एका आजीने विचारलं, "कुणाचं पोर बुडालं?" आणि आम्हाला पाणी दिलं. एक गृहस्थ म्हणाले, "कचरा तिकडे नाही टाकला तर इकडे टाकतील. टाकू द्या." तिसऱ्या घरी रविवारची मालिका चालू होती, त्यांनी हाताने बाजूला व्हा अशी खूण केली. खरं सांगतो, कचऱ्याला आमच्यापेक्षा जास्त पाठिंबा होता.

वाट काढली ती कान्हाच्या आईने. आवडाबाई मासळी विकते आणि कमी बोलते. त्या दिवशी ती पाटीतले बोंबील लावता लावता बोलली.

"दर वर्साला इसर्जनाचे दुसरे दिवशी मी खाडीवर जातंय. ओहोटी लागली का आपला देव चिखलान तोंड घालून परलेला. हात एकीकरं, सोंड एकीकरं. मी गोनपाट टाकतंय त्याचे तोंडावर न पुढं जातंय." तिने हातातला बोंबील खाली ठेवला. "तुमचे खदानीन न्या ना त्याला. तुम्ही बुडीवाले हाव. खाली नेऊन नीट बसवा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी आम्हाला कुणीतरी थोबाडीत मारायला हवी होती. कुणी मारली नाही.

बाबुराव आंबिवलीतल्या सगळ्यात मोठ्या गणेश मंडळाचे अध्यक्ष. त्यांना पटायला चहा संपण्याइतकाही वेळ लागला नाही.

"म्हणजे बाप्पा सरळ बसणार? तोंड वर?"

"पाटावर बसवल्यासारखा," मी म्हणालो.

"फुटणार नाही?"

"पाणबुड्या स्वतः हाताने नेऊन बसवणार."

बाबुरावांचे डोळे भरून आले. मग ते पुसून त्यांनी विचारलं, "आणि खालच्या आळीचा गणपती?"

"तोही."

"त्यांचा जरा मागच्या रांगेत घ्या."

आठवडाभरात मंडळं तुटून पडली. टिटवाळ्याहून आले, खडवलीहून आले. पाणबुड्यांसाठी ज्यांनी दार उघडलं नव्हतं, ते आता आमच्याच घरी येऊन आमचंच दार वाजवायला लागले. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या त्या कार्यालयासमोर ढोल-ताशांसह मोर्चा गेला. साहेबांना नकाशात पाणी दिसलं. भराव विसर्जनापर्यंत थांबला, आणि त्यानंतर साहेब स्वतः पाहणीला येणार असं ठरलं.

अनंत चतुर्दशीला दुपारपासून खदाणीला माणसांचं कडं पडलं. मोठ्या मूर्ती ट्रकच्या ट्यूबांवर तरंगवत मध्यावर आणायच्या, दोर धरून सोडायच्या, आणि खाली कान्हा नि मास्तर. मास्तर बौद्ध. मी त्यांना विचारलेलं, "मास्तर, तुम्हाला चालेल ना?" तर म्हणाले, "माझा देवाशी संबंध नाही. पण जड वस्तू तळाला सरळ बसवायची तर त्याला रीत असते. वाकडं काम माझ्या हातून होत नाही."

झालंही नाही. प्रत्येक मूर्तीच्या बुडाखाली दगडाच्या पाचरी मारल्या. रांगा धरल्या. खालच्या आळीचा गणपती मागच्या रांगेत गेला. एकाचीही सोंड फुटली नाही. वरून बघणारी माणसं रडत होती. आवडाबाई काठावर उभी होती, हातात घडी घातलेलं गोणपाट. ते तिला लागलं नाही.

चार दिवसांनी साहेब आले. भर दुपार, ऊन थेट तळापर्यंत पोचलेलं. साहेब काठावरून वाकले. खाली चाळीस गणपती ओळीने बसलेले, सगळे वर बघत. प्लास्टरच्या मूर्ती; रंगसुद्धा उडाला नव्हता.

साहेबांनी बूट काढले.

"भराव रद्द," ते म्हणाले. मग गुलाल, मग बाबुराव खांद्यावर, मग बाबुराव खाली. ते मी आधी सांगितलंय, म्हणजे सांगितलेलं नाही.

गुलाल बसल्यावर कान्हा रबरी पाय घालायला लागला.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"सरावाला उतरतंय साहेब. डिसेंबरला परीक्षा हाय."

"देवाच्या डोक्यावरून पाय हलवत पोहणार तू?"

"मीच बसवलाय त्यांना."

"म्हणूनच तुला जास्त कळायला हवं," बाबुराव कपडे झटकत म्हणाले.

"बाबुराव, रबरी पाय असतात," मी म्हटलं. "त्याचे स्वतःचे लागत नाहीत."

कुणी हसलं नाही. ज्या लोकांनी आमच्यासाठी ढोल फोडले होते, ते सगळे आमच्याकडे आम्ही देवळात चपला घालून शिरल्यासारखे बघत होते. आठ दिवसांत वर्गणी जमली, तारेचं कुंपण झालं, पाटी लागली, 'पवित्र स्थळ, पाण्यात उतरू नये', आणि पहारेकरी बसला. पहारेकऱ्याला पोहता येत नव्हतं. ती त्याची पात्रता होती.

आम्ही कुंपणाबाहेर उभे होतो.

"किती दिवसांत विरघळतील?" मी मास्तरांना विचारलं.

"पाणी हलत नाही इथलं. आपण सगळे जाऊ, ते बसलेले असतील."

"आणि आडवेतिडवे टाकले असते तर?"

"आपटून फुटले असते. गाळात गेले असते. वरून काही दिसलं नसतं."

"म्हणजे काम नीट केलं म्हणून..."

"हो," मास्तर म्हणाले. "पुढे बोलू नकोस."

मी ठाण्याला परत गेलो. साहेब म्हणाले, "पाठिंबा आणा." मी म्हटलं, "आणलेला, साहेब." ते म्हणाले, "तोच आडवा येतोय ना." बाबुरावांकडे गेलो तर ते पूजेत होते. ते अजून पूजेत आहेत.

घर चालवायला कान्हा सरावासाठी सोडलेल्या डुबीवर पुन्हा गेला. परीक्षेपर्यंतच, म्हणाला. एक हात बांबूला, एक बादलीला. नोव्हेंबरात एका दुपारी तो वर आला तेव्हा उजव्या कानातून रक्त येत होतं. रक्त पुसून त्याने बादली उपसली. भरलेली होती.

डिसेंबरात परीक्षेच्या ठिकाणी डॉक्टरने कानात बॅटरी मारली आणि म्हणाला, "पुढचा." ते कान्हाने डाव्या कानाने ऐकलं.

घरी दामाजी उंबऱ्यात बसलेला. आम्हाला पाहून ओरडला, "झाला काम? झाला!" कान्हाने उजव्या कानाला हात लावून दाखवला. दामाजी त्या कानाकडे बघत राहिला. मग ओरडला, "कशानं?"

या वेळी दामाजीने स्वतः उत्तर दिलं नाही. पहिल्यांदाच तो दुसऱ्या कुणीतरी ते द्यावं म्हणून थांबला होता. आवडाबाई आत गेली. कान्हा काही बोलला नाही. मीही नाही.

म्हणून आता कान्हाच्या वतीने लेखी बोलतो.

मा. साहेबांच्या सेवेशी विनंतीपूर्वक सादर करण्यात येते की, आंबिवलीपलीकडील खदाणीच्या तळाशी एकूण चाळीस मूर्ती सुस्थितीत असून प्रत्येक मूर्तीस सुपाएवढे दोन कान आहेत. सदर कान विसर्जनापासून वापराविना पडून आहेत, आणि आमच्या माहितीप्रमाणे त्यांनी आजवर कुणाचेही काही ऐकल्याची नोंद नाही. सबब, त्यांपैकी एक कान, बाजू उजवी, श्री. कान्हा दामाजी, रेती कामगार, यांच्या नावे वर्ग करण्यात यावा. मागच्या रांगेतला चालेल. बसवण्याचे काम श्री. शेजवळ विनामोबदला करतील. ते काम सरळ करतात, याची खात्री आपण स्वतः बूट काढून केलेली आहे. पवित्र स्थळाचा नियम मोडू नये म्हणून अर्जदार पाण्यात उतरणार नाही. संबंधित मूर्तीस कान घेऊन काठापर्यंत येण्याचे आदेश व्हावेत. तोवर अर्जदार कुंपणाबाहेर, डावी बाजू पुढे करून, उभा राहील.